ग्राहकांशी संपर्क ठेवणार नाही

आमच्या गल्लीत मॅनेजर म्हटलं की एकच माणूस. बँकेचा नाही, हॉटेलचा नाही. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनच्या दुकानाचा. दुकान सुटून दीड वर्ष उलटलं, तरी मॅनेजरच. त्याचं खरं नाव मला माहीत आहे, कारण एकदा मीच ते टाइप केलं होतं. पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघेल की कोणाला बोलावतायत.

मी टायपिंगवाली. माझं दुकान त्या दुकानापासून तिसरं. अर्ज, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा आणि नोटिसांची उत्तरं. एकाच भांडणाच्या दोन्ही बाजू माझ्याकडेच टाइप व्हायच्या, फक्त वेगवेगळ्या वेळी. माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या कागदात चूक निघत नाही, असंही तेच लोक म्हणायचे, आणि मला दुसरं काही ऐकायचंच नसायचं.

मॅनेजर आणि मी एकाच इमारतीत राहतो. तो तळमजल्यावर, मी दुसऱ्यावर. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. पण एकटा आहे असं कधी वाटायचं नाही. दुकानात सकाळपासून माणसांची रीघ, आणि दुपारी चार वाजले की समोरचा टेलरमास्तर गळ्यात टेप लटकवून रस्ता ओलांडायचा. दोघांचा चहा काउंटरवरच व्हायचा. एकवीस वर्षं. मास्तर बडबड्या, मॅनेजर ऐकणारा. मास्तर म्हणायचा, "मी बिघडवतो, हा धुतो, आम्ही भागीदारच आहोत." तोच विनोद एकवीस वर्षं, आणि मॅनेजर दर वेळी हसायचा.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. कपडा काउंटरवर पसरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि डागाला हात न लावता नुसता बघत राहायचा. "हा कॉफीचा नाही," म्हणायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, कॉफीचाच. "बरं, कॉफीचा," म्हणायचा, आणि मागे जाऊन खोकल्याच्या औषधाच्या डागाला जे लावायचं तेच लावायचा. डाग जायचा. कुणाच्या कोटाच्या कॉलरला काय लागलंय, कुणाच्या खिशात कुणाची चिठ्ठी राहिलीय, कुणाच्या उशीचा अभ्रा रडून रडून ताठ झालाय, सगळ्या गल्लीचं त्याच्या पोटात होतं. मी काय कमी खोदलं? "अहो, ती लिपस्टिक कुणाची हो?" तर म्हणायचा, "कपडा स्वच्छ झाला, ताई." संपलं! दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाला नाही.

अशा माणसाकडून कंपनीने लिहून मागितलं, की मी गुपित फोडणार नाही.

दुकान मालकाचं, पण पाटी कंपनीची. फ्रँचायझी म्हणतात तसलं. पावत्यांचा रंग, कपड्याला टाचायच्या गुलाबी चिठ्ठ्या, एक ते नऊ नंबरच्या बाटल्या, सगळं कंपनीकडून यायचं. बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं नसायचं. कुठल्या डागाला कुठल्या नंबरचं किती, ते कंपनीने सगळ्या शाखांच्या मॅनेजरांना आठवडाभर बोलावून शिकवलं होतं. मग चार वर्षांपूर्वी पुलापलीकडच्या शाखेचा मॅनेजर नोकरी सोडून गेला, आणि त्याने चार घरं सोडून स्वतःचं दुकान थाटलं. कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. त्या बिचाऱ्याच्या नोटिशीचं उत्तर मीच टाइप केलं. त्यानंतर कंपनी सावध झाली आणि प्रत्येक मॅनेजरकडून करार हवा म्हणून फर्मान निघालं.

मालक चौदा पानं घेऊन माझ्याकडे आला. "हे एवढं वाचत बसला तर माझं दुकान कोण उघडेल?" म्हणाला. "एका पानात आणा. सोप्या भाषेत. आणि सही त्याच पानावर खाली आली पाहिजे."

मी आणलं. माझा हातखंडा आहे त्यात. कलम पाच: नोकरी सुटल्यापासून दोन वर्षे पाच किलोमीटरच्या आत हा किंवा तत्सम व्यवसाय करणार नाही, त्यात नोकरीही करणार नाही. कलम सहा: कंपनीच्या पद्धती, मिश्रणे आणि या करारातला मजकूर कोणालाही कधीही सांगणार नाही. कलम सात: दोन वर्षे ग्राहकांशी संपर्क ठेवणार नाही. मालकाने वाचलं नाही. मॅनेजरने वाचलं. माझ्याच खुर्चीत बसून, चष्मा कपाळावर चढवून, दोनदा वाचलं आणि सही केली.

"मजकूर नीट आहे ना, ताई?" त्याने विचारलं होतं.

"माझ्या हातचा आहे," मी म्हणाले.

पुढे अडीच वर्षांनी मालकाने दुकान जावयाला दिलं. जावयाला मॅनेजर कशाला हवा? एका सोमवारी सकाळी काउंटरच्या मागे जावई उभा, आणि आमचा मॅनेजर घरी. मालकाने निरोप देताना त्या पानाची एक प्रत हातात ठेवली आणि म्हणाला, "दोन वर्षं सांभाळून हं. पुलापलीकडच्याचं काय झालं ते माहीत आहे ना?" एकवीस वर्षांच्या नोकरीचा हा निरोप. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, त्या इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर मला जिन्यात भेटला. मी म्हटलं, "काय मॅनेजर, आता आराम!" त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि भिंतीकडे बघत खाली उतरून गेला.

मला वाटलं, नोकरी गेल्याचा धक्का आहे. दुसऱ्या दिवशी रस्त्यात हाक मारली. तेच. पुढे आणखी एकदा जोरात मारली, सगळ्या गल्लीने ऐकावी अशी. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि समोरच्या फुटपाथवर गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षांची ओळख! याची बायको आजारी होती तेव्हा दवाखान्याचे सगळे अर्ज मी टाइप केले होते. मी कानाला खडा लावला. म्हटलं, गेलास उडत.

मला एकटीलाच असं केलं असतं तर एक वेळ ठीक. पण गल्लीत एकाशीही बोलेना. वाणी म्हणाला, शिष्ट झाला. वाण्याच्या बायकोचं म्हणणं, डोक्यावर परिणाम झाला. वकिलांना वाटलं, पैसेवाला झाला असेल. आणि चार वाजता टेलरमास्तर सवयीने रस्ता ओलांडून गेला, काउंटरमागचा जावई बघून परत फिरला, आणि आमच्या इमारतीत येऊन मॅनेजरच्या दारात उभा राहिला. दार उघडलं. मी जिन्यावरून बघत होते. मास्तर काहीतरी बोलत होता, नेहमीसारखं, हातवारे करून. मॅनेजर उंबऱ्याच्या आत उभा राहून मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने हात जोडले आणि दार लावून घेतलं.

मास्तर आठवडाभर येत राहिला. मग यायचा बंद झाला. माझ्या दुकानात येऊन मला म्हणाला, "मी काय वाईट बोललो असेन त्याला? आठवून आठवून थकलो. काही नाही आठवत."

"त्याला माज आलाय," मी म्हटलं.

"माज येणाऱ्यातला नाही तो," मास्तर म्हणाला आणि गेला.

दिवसांचे महिने झाले. मॅनेजर दिसायचा, सकाळी दूध आणायला पार स्टेशनपर्यंत चालत जायचा, गल्लीतल्या दुकानात नाही. घरात इस्त्री करायचा ती खिडकी लावून. मला हसू यायचं, स्वतःच्याच शर्टाला इस्त्री करताना लपतोय काय हा माणूस! कधी कधी संध्याकाळी त्याच्या दारावरून जाताना आतून आवाज यायचा. रेडिओ वाटायचा. एकदा थांबून ऐकलं तर रेडिओ नव्हता. तो वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होता, हवामानाच्या बातमीपासून.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण राग जास्त होता, खोटं कशाला बोलू?

त्यात तिसऱ्या मजल्यावर सिस्टर राहायला आली. मोठ्या दवाखान्यात नर्स, तिशीतली, एकटी. आणि मॅनेजर तिच्याशी बोलायला लागला! तेही कसा? घडाघडा. पाण्याची टाकी किती वाजता भरते, कुठल्या पायरीची कड तुटलीय, मागच्या अंगणातली मांजर कुणाची नाही. ती ड्युटीवरून यायच्या वेळेला हा बरोबर दारात. वीस-वीस मिनिटं जिन्यात उभे. मी वरून जाताना दोघं बाजूला व्हायची, सिस्टर हसायची, आणि हा भिंतीकडे बघायचा. आता सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही? मी मनात नको नको ते शिजवलं. मास्तरच्याही कानावर घातलं. त्याने कात्री जरा जास्तच जोरात चालवली.

असे चारेक महिने गेले असतील. मग एका सोमवारी सिस्टर माझ्या दुकानात आली. रजेचा अर्ज टाइप करायचा होता, पण चेहरा पार उतरलेला.

"मावशी, मॅनेजरकाका माझ्यावर का रागावले? कालपासून बोलतच नाहीत. मी हाक मारली तर आत निघून गेले."

"तुझ्याशी चार महिने तरी बोलला," मी म्हटलं. "आम्हाला तर दीड वर्षांपूर्वीच वगळलंय. काय झालं काल?"

"काहीच नाही हो. मागे एकदा माझ्या युनिफॉर्मवर आयोडीन सांडलं होतं. त्यांनाच विचारलं, कसं काढू? तर एकदम पांढरे पडले. म्हणाले, ते मला सांगता येत नाही. त्याआधी आमच्या दवाखान्याच्या लाँड्रीत माणूस हवाय म्हणून सांगितलं, तेव्हाही असेच. म्हणाले, तत्सम आहे. तत्सम म्हणजे काय, तेही सांगेनात. मग मी म्हटलं, जाऊ दे, आणि युनिफॉर्म कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनला टाकला. काल घेऊन येत होते, तर जिन्यात काका भेटले. पिशवीतून बाही बाहेर आली होती, तिच्यावर ती गुलाबी चिठ्ठी. तिच्याकडे बघितलं आणि जे गप्प झाले ते झालेच."

तत्सम. शाळेत व्याकरणात भेटल्यानंतर हा शब्द मी फक्त करारांच्या कलमांत वापरते. माझ्या बोटांना तो शब्द ओळखीचा वाटला. तिचा अर्ज टाइप करून तिला वाटेला लावलं आणि दुकानाचं दार अर्धं ओढून कपाट उघडलं. माझ्याकडे प्रत्येक कागदाची प्रत असते. चार वर्षांपूर्वीची फाइल निघाली. वर माझं एक पान, खाली मालकाची चौदा.

माझ्या पानावर कलम सात असं होतं: नोकरी सुटल्यापासून दोन वर्षे दुकानाच्या ग्राहकांशी संपर्क ठेवणार नाही.

कंपनीच्या चौदा पानांत तेच कलम असं होतं: ग्राहकांशी धंदा वळवून घेण्याच्या हेतूने संपर्क ठेवणार नाही.

मला सगळं आठवलं. सहीची ओळ दुसऱ्या पानावर जात होती. आमच्या धंद्यात नुसत्या सहीचं पान म्हणजे नामुष्की. मजकूर एका पानावर आणि सही दुसऱ्यावर, असा कागद कोणी शहाणी टायपिस्ट हातातून सोडत नाही. मी समास कमी केला, तरी एक ओळ जास्तच. मग कलम सातमधले चार शब्द काढले. धंदा वळवून घेण्याच्या हेतूने. नुसता संपर्क ठेवला आणि वाक्य जुळवलं. तेवढ्याने ओळ वर सरकली, सही पानावर आली, आणि मी खूश. अर्थ बदलतोय असं मनातसुद्धा आलं नाही. ग्राहकांशी संपर्क म्हणजे धंद्याचाच, दुसरा कसला, हे कुठल्याही माणसाला कळेल!

कुठल्याही माणसाला कळलं असतं. पण मॅनेजर लिहिलेलं वाचणारा माणूस. आणि या गल्लीत दुकानाचा ग्राहक नाही असं होतं कोण? वाणी ग्राहक, दूधवाला ग्राहक, मी ग्राहक. मास्तर शिवलेले सूट प्रेसला तिथेच पाठवायचा, म्हणजे तोही. वकिलाला विचारावं, तर वकिलांचे काळे कोट धुवायला कुठे येतात? दुसऱ्या कोणाला कागद दाखवावा, तर कलम सहा. करारातला मजकूर कोणालाही सांगणार नाही. मी त्याला असा नीट बांधून टाकला होता की का बोलत नाही हेसुद्धा त्याला बोलता येऊ नये. एक सिस्टर नवी आली होती, ग्राहक नव्हती. तिच्याशी तो पोटभर बोलून घेत होता, तिच्या बाहीवर गुलाबी चिठ्ठी दिसेपर्यंत.

नंतर माझी एक वकीलबाई आली, तिला मी आडून विचारलं, असं कलम कुणी लिहिलं तर? ती हसली. "माणसाने माणसाशी बोलायचं नाही, असं? कोर्टात कोण टिकू देईल? कुणी टाइप केलं हे?"

"असेल कुणीतरी," मी म्हणाले.

त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. का नाही गेले? लाज. दुसरं काही नाही, शुद्ध लाज. सदतीस वर्षांत माझ्या कागदात चूक निघाली नव्हती, आणि निघाली ती अशी, एका माणसाचं तोंड शिवणारी. मंगळवारी ठरवलं, उद्या. बुधवारी मास्तर दुकानात आला.

"दुकान आवरलं," म्हणाला. "डोळ्यांना दोरा दिसत नाही आता. मुलगी न्यायला येतेय उद्या. परदेशात असते, तिकडेच कायमचा. एकदा त्याला भेटून जाईन म्हणतो. दार उघडेल का गं तो?"

माझ्या ड्रॉवरमध्ये ते पान होतं. मास्तर समोर उभा होता. मी म्हणाले, "उघडेल की."

गुरुवारी सकाळी गाडी दारात उभी राहिली. मी माझं पान आणि कंपनीची चौदा पानं हातात घेऊन जिन्याने खाली येत होते. खरंच सांगायला येत होते. पण खाली मास्तर, त्याची मुलगी, सिस्टर, वाणी, वाण्याची बायको. सगळी गल्ली मास्तरला निरोप द्यायला जमलेली. मास्तर मॅनेजरच्या दारावर टकटक करत होता.

"मॅनेजरा, अरे मी चाललो. काही चुकलं असेल तर सोडून दे. नुसतं 'जा' म्हण."

आत काही हललं नाही. मास्तरने पुन्हा वाजवलं. मी वरच्या पायरीवर. माझ्या तोंडातून एक वाक्य निघायला हवं होतं: अहो, उघडा, बोलता येतं तुम्हाला, चूक माझी आहे. एवढंच. आणि एरवी ज्या तोंडाला सगळी गल्ली टरकते ते तोंड त्या दहा माणसांसमोर उघडलं नाही. मी कागदांची घडी घातली. मुलगी म्हणाली, "बाबा, विमान आहे." मास्तरने दाराला तळवा लावला, काढला, आणि गाडीत जाऊन बसला.

गाडी वळली, माणसं पांगली, तेव्हा मी दार वाजवलं.

"मॅनेजर, मी टायपिंगवाली. मला कलम सातबद्दल बोलायचंय."

दार लगेच उघडलं. तो दाराला अगदी लागूनच उभा असणार. मी आत गेले, दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि कुठले शब्द गाळले त्यावर बोट ठेवलं. सगळं सांगितलं. सोमवारपासून माहीत होतं, हेही सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला. आधी माझं पान वाचलं, मग कंपनीचं. मग पुन्हा माझं.

"म्हणजे बोलता येत होतं," तो म्हणाला.

"येत होतं."

तो उठून दारात गेला. रस्ता रिकामा होता. मी माझ्या फोनवरून मास्तरला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. मास्तरने उचलला, मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. मॅनेजर म्हणाला, "मास्तर, मी." मास्तर म्हणाला, "आता कशाला रे? आता राहू दे." आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, तर मुलीने उचलून सांगितलं, बाबा रडतायत, नंतर बोला.

मॅनेजरने फोन मला परत दिला आणि खुर्चीत बसला. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडेल. ओरडावं असं फार वाटत होतं. मी म्हणाले, "मला काय वाटेल ते बोला. तुमचा हक्क आहे."

"तुम्ही चार शब्द गाळलेत," तो म्हणाला. "होतं तसं. माझ्या हातूनही कपडे खराब झालेत." "पण ताई, सही तर माझी एकट्याची होती. तुम्हाला कुणी बांधलं होतं?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"तुम्ही मला तीन हाका मारल्यात. तिसरी रस्त्यात, जोरात. मी घरी येऊन ठरवलं, आता चौथी मारली की कोर्ट गेलं खड्ड्यात, मी ओ देणार. रोज जिन्यात तुमची पावलं वाजली की दाराशी येऊन उभा राहायचो." तो माझ्याकडे बघत होता, भिंतीकडे नाही. "दीड वर्ष उभा राहिलो. तुम्ही का नाही मारली?"